खिशाचा दोष आणि मनाचा दोष

गेल्या महिन्यांत या पानावर नातवंडांच्या वाचनाविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, "मुलांनीं काय वाचावें हें आपण सांगितलें, तें योग्यच झालें. परंतु आमच्या घरीं मुलें वाचतात थोडें आणि पाहतात फार. आणि तेंहि काय, तर खुनाचे आणि दरोड्यांचे चित्रपट. याला कांहीं उपाय आहे काय?" पत्र वाचून मी प्रथम हंसलों आणि मग थोडा वरमलों. कारण त्याच आठवड्यांत, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, आमच्या घरीं एक खुनाचा चित्रपट पाहिला गेला होता. आणि पाहणाऱ्यांत नातवाच्या शेजारीं मांडी घालून बसलेला प्रस्तुत लेखकहि होता.

म्हणून आज उपदेशाचा ग्रंथ मिटून त्या चित्रपटाचीच हकीकत सांगतों. तो स्वस्तांतला, दोषांनीं भरलेला आणि पाऊणशें वर्षांहून जुना आहे. तरीहि त्यानें माझी एक जुनी चूक माझ्या पदरांत घातली. आणि तशी चूक शिक्षकांच्याच काय, पण आईबापांच्याहि हातून नेहमीं घडत असावी असें मला वाटतें.

आमचा नातू पंधरा वर्षांचा. त्यानें त्या रात्रीं विचारलें, "आजोबा, एक फाटका सिनेमा पाहतां का?"

"फाटका म्हणजे काय रे?"

"म्हणजे पैसे नसतांना काढलेला. आम्ही मित्र असले सिनेमे लावतों आणि चुका मोजतों. ज्याला जास्त सांपडतील तो जिंकला."

चुका मोजणें हा तर माझा छत्तीस वर्षांचा व्यवसाय! चष्मा पुसला, कागद आणि पेन्सिल घेतली, आणि परीक्षकाच्या ऐटीनें बसलों.

चित्रपटाचें नांव 'डीटूर'. नेहमींचा रस्ता बंद असला म्हणजे वाहनांना जो वळसा घ्यावा लागतो, त्याला इंग्रजींत हें नांव आहे. हा चित्रपट १९४५ सालीं अमेरिकेंत निघाला. लांबी अवघी ६८ मिनिटें. दिग्दर्शक एड्गर उल्मर. प्रमुख भूमिका टॉम नील आणि ॲन सॅव्हेज यांच्या. मार्टिन गोल्डस्मिथ यानें १९३९ सालीं लिहिलेल्या आपल्याच कादंबरीवरून पटकथा रचिली आहे.

कथानायक अल् रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कमधील एका रात्रीच्या क्लबांत पियानो वाजवून पोट भरणारा वादक. त्याची प्रेयसी सू ही तेथेंच गाते. नशीब काढावें म्हणून ती हॉलिवूडला निघून जाते. कांहीं दिवसांनीं हाहि तिच्या ओढीनें निघतो. परंतु खिशांत पैसे नाहींत; म्हणून रस्त्याच्या कडेला उभें राहून, येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींना अंगठा दाखवून, फुकट प्रवास करीत तो एवढा मोठा देश ओलांडूं लागतो. वाटेंत हॅस्केल नांवाचा एक सट्टेबाज त्याला आपल्या उघड्या टपाच्या गाडींत घेतो. हॅस्केलच्या हातावर ओरखडे आहेत. एका बाईला गाडींत घेतलें होतें, तिनें ते काढले असें तो सांगतो. रात्र पडते. हॅस्केल झोंपतो आणि अल् गाडी हांकतो. पाऊस येतो म्हणून टप चढविण्यासाठीं तो थांबतो, हॅस्केलच्या बाजूचें दार उघडतो, तों हॅस्केल बाहेर कोसळतो आणि त्याचें डोकें दगडावर आपटतें. माणूस मेलेला! आपण त्याला मारलें नाहीं हें पोलिसांना कोण पटवून देणार, या भीतीनें अल् प्रेत लपवितो, आणि मेलेल्याचे कपडे, पैसे, गाडी आणि नांव घेऊन पुढें निघतो.

दुसऱ्या दिवशीं तो रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईला गाडींत घेतो. तिचें नांव व्हेरा. थोडा वेळ ती डोळे मिटून पडते आणि एकाएकीं उठून विचारते कीं, या गाडीच्या खऱ्या मालकाचें प्रेत तूं कोठें टाकलेंस? ओरखडे काढणारी बाई ती हीच! येथून अल् तिचा बंदिवान होतो. लॉस एंजेलिसमध्यें दोघें नवराबायको म्हणून बिऱ्हाड घेतात. हॅस्केलचा श्रीमंत बाप मरणपंथास लागल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, तेव्हां व्हेरा हट्ट धरते कीं, अल् यानें त्याचा फार वर्षांपूर्वीं दुरावलेला मुलगा म्हणून जाऊन उभें राहावें आणि वारसा उपटावा. तो नकार देतो. दारूच्या नशेंत भांडण होतें. ती टेलिफोन घेऊन निजण्याच्या खोलींत शिरते, दार आंतून लावून घेते आणि पोलिसांना कळवितें म्हणून धमकावते. तो बाहेरून टेलिफोनची दोरी ओढतो. दार फोडून आंत जातो, तों ती दोरी तिच्या गळ्याभोंवतीं आवळलेली. असे दोन मृत्यु होतात. आणि दोन्ही वेळां त्याचें म्हणणें एकच, कीं आपण कांहीं केलें नाहीं, सर्व दैवानें केलें. ही सारी हकीकत तो नेव्हाडा राज्यांतील रस्त्याकडेच्या एका खाणावळींत कॉफीच्या पेल्यासमोर बसून स्वतःशींच आठवीत आहे.

आतां माझ्या कागदावरच्या चुका. न्यूयॉर्क म्हणून जें शहर रात्रीचें दाखविलें आहे, तेथें धुक्यावांचून कांहीं नाहीं. अल् आणि सू चालत आहेत, मधून मधून रस्त्याच्या नांवाची एखादी पाटी धुक्यांतून वर येते, आणि तेवढ्यावर आपण शहर मानून घ्यावयाचें. पुढें देश ओलांडावयाचा, तो पुष्कळसा नकाशावरच. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला टेलिफोन लागतो, तेव्हां तारा आणि टेलिफोनच्या केंद्रांत बसलेल्या मुली दाखवून वेळ भरून काढला आहे. मोटारींतले बहुतेक प्रसंग जागच्या जागीं उभ्या केलेल्या गाडींत बसून घेतले असून मागच्या पडद्यावर रस्ता पळत असतो. गाडी मात्र तसूभरहि हालत नाहीं, हें लहान मुलालाहि कळावें.

मध्येंच नातू ओरडला, "आजोबा, पाहिलंत? गाडी उलटी!"

मीं निरखून पाहिलें. चाक उजव्या बाजूला, गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानें चाललेली. "यांत उलटें काय आहे?" मीं विचारलें.

"अहो आजोबा, अमेरिकेंत गाड्या उजवीकडून जातात आणि चाक डावीकडे असतं!"

म्हणजे तेवढी चित्रफीत उलटी करून छापली होती. प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, तेव्हां नकाशाप्रमाणें माणूस पडद्यावर उजवीकडून डावीकडे गेला पाहिजे. चित्रण झालें होतें दुसऱ्या दिशेनें. तें पुन्हां करण्यापेक्षां फीतच उलटविली, असें याचें कारण सांगतात. तो गुण नातवाला मिळाला. मला मात्र पहिली शंका तेथेंच आली. माझ्या डोळ्यांना जें अगदीं सरळ दिसत होतें, तें तेथील लोकांना उलटें. मग छत्तीस वर्षें मीं ज्या चुकांवर तांबड्या रेघा ओढल्या, त्यांतल्या कांहीं तरी केवळ माझ्या संवयीला न मानवलेल्या गोष्टी नसतील कशावरून?

असे चित्रपट निघत कां, हें समजल्यावांचून त्यांचा न्याय करितां येत नाहीं. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत अमेरिकेंतील चित्रगृहांत एका तिकिटांत दोन चित्रपट दाखविण्याची चाल पसरली. पहिला मोठा, नामांकित नटनट्यांचा. दुसरा लहान, वेळ भरण्यापुरता. मोठ्या चित्रपटाला तिकिटांच्या उत्पन्नांतला हिस्सा मिळे. लहानाला ठराविक भाडें मिळे. म्हणजे लहान चित्रपट कितीहि चांगला वठला, तरी त्याची प्राप्ति एका कवडीनेंहि वाढावयाची नाहीं. वाढेल तो फक्त खर्च. मग व्यापारी काय करील? दिवस कमी करील, फीत वांचवील, तेंच तें नेपथ्य पुन्हां वापरील. अशा लहान कंपन्या हॉलिवूडमध्यें बऱ्याच होत्या आणि त्यांच्या वस्तीला लोक थट्टेनें 'पॉव्हर्टी रो', म्हणजे दारिद्र्याची आळी, म्हणत. 'डीटूर' काढणारी पी. आर. सी. ही कंपनी त्या आळींतल्याहि गरीब बिऱ्हाडकरूंपैकीं एक. १९४७ सालीं ती दुसऱ्या कंपनींत विलीन झाली. पुढें १९४८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मोठ्या कंपन्यांच्या चित्रगृहांवरील मक्तेदारीला लगाम घातला, दूरदर्शनयंत्रें घरोघर आलीं, आणि त्या जोडचित्रपटांची चालहि हळूहळू मोडली.

उल्मर स्वतः सांगत असे कीं, हा चित्रपट आपण सहा दिवसांत पुरा केला. पुढें जुनीं कागदपत्रें तपासणाऱ्यांनीं दाखविलें कीं, चित्रणाला त्याहून पुष्कळ अधिक दिवस लागले आणि खर्चहि लाख डॉलरच्या आसपास गेला. आपल्या गरिबीचीसुद्धां बढाई मारण्याचा मोह माणसाला होतो तो असा! तरी पण लाख डॉलर म्हणजे तेथें कांहींच नव्हे. आदल्याच वर्षीं निघालेल्या 'डबल इन्डेम्निटी' या गुन्ह्याच्याच चित्रपटाला नऊ लाखांवर खर्च आला होता.

या दोन चित्रपटांचें नातें खर्चाच्या तुलनेपुरतेंच नाहीं. 'डबल इन्डेम्निटी'चा दिग्दर्शक बिली वाइल्डर. तो आणि उल्मर दोघेहि जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत जन्मलेले; उल्मर १९०४ चा, वाइल्डर १९०६ चा. १९३० सालीं बर्लिनमध्यें 'रविवारचीं माणसें' अशा अर्थाच्या नांवाचा एक मूकपट थोड्या पैशांत, हौशी माणसें घेऊन निघाला. त्याच्या दिग्दर्शनांत उल्मरचा हात होता आणि पटकथा वाइल्डरची होती. पुढें दोघेहि अमेरिकेंत गेले. वाइल्डरच्या वाट्याला राजरस्ता आला. मोठी कंपनी, मोठे नट, आणि 'डबल इन्डेम्निटी'ला ऑस्कर पारितोषिकासाठीं सात नामांकनें. उल्मरनेंहि १९३४ सालीं एका मोठ्या कंपनीसाठीं 'द ब्लॅक कॅट' हा चित्रपट केला होता, आणि तो चाललाहि. परंतु कंपनीच्या मालकाच्या एका आप्ताच्या पत्नीशीं त्याचें मन जुळलें. तिनें घटस्फोट घेऊन उल्मरशीं लग्न केलें, आणि मोठ्या कंपन्यांचीं दारें त्याला बंद झालीं असें सांगतात. या प्रकरणाची नीति-अनीति मी येथें काढीत बसत नाहीं. एवढेंच नमूद करितों कीं, ती बाई पुढें त्याच्या चित्रपटांच्या संहिता सांभाळण्याचें काम करीत राहिली. बंद रस्त्यावरून ज्याला वळसा घ्यावा लागला, त्यानेंच वळशाच्या नांवाचा हा चित्रपट काढला आहे.

हें सर्व वाचतांना मला कुमारसंभवांतील हिमालयाचें वर्णन आठवलें. कालिदास म्हणतो कीं, हिमालयाला बर्फाचा उणेपणा असला तरी त्याच्या अनंत रत्नांपुढें तो जाणवत नाहीं. चंद्रकिरणांत डाग बुडून जावा तसा गुणांच्या गर्दींत एखादा दोष बुडून जातो. ही उपमा प्रत्येक संस्कृत शिक्षकानें कधीं ना कधीं फळ्यावर लिहिलेली असते. परंतु मागाहूनच्या एका कवीनें तिला दिलेलें उत्तरहि सुभाषितसंग्रहांत प्रसिद्ध आहे. तो म्हणतो कीं, असें म्हणणाऱ्या कवीनें दारिद्र्य पाहिलेंच नसावें. कारण तो एकटा दोष गुणांच्या राशीच्या राशी नाहींशा करितो. दारिद्र्याच्या आळींत निघालेल्या बहुतेक चित्रपटांच्या बाबतींत हा दुसरा कवि जिंकला, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. दारिद्र्यालाच गुण म्हणणारे लोक बहुधा पोटभर जेवलेले असतात. त्या आळींतून चित्रपटांमागून चित्रपट आले आणि विसरले गेले. त्यांत पैसाहि नव्हता आणि सांगण्यासारखें कांहीं नव्हतें.

मग 'डीटूर' कां टिकला? येथें आपल्या आलंकारिकांतला एक वाद उपयोगी पडतो. मम्मटानें काव्यप्रकाशांत काव्याचें लक्षण देतांना निर्दोषपणाला अग्रस्थान दिलें. १४ व्या शतकांत साहित्यदर्पणकार विश्वनाथानें त्यावर आक्षेप घेतला कीं, असें धरून चाललें तर जगांत काव्य म्हणून फारच थोडें उरेल, किंबहुना उरणारहि नाहीं. कारण सर्वथा निर्दोष असें सांपडणार कोठें? किड्यानें कोरलें म्हणून रत्नाचें रत्नपण जात नाहीं. किंमत कमी होईल, एवढेंच. जेथें रस स्पष्ट आहे, तेथें दोष असूनहि काव्य आहे.

मीं माझा कागद पुन्हां पुढें ओढला आणि प्रत्येक चुकीपुढें एक प्रश्न लिहिला: हा दोष खिशाचा कीं मनाचा?

धुकें खिशाचें. शहर उभें करण्यास पैसे नव्हते. पण हकीकत सांगणारा माणूस खाणावळींत बसून जुनें आठवीत आहे, आणि आठवणींत शहर कधीं असतें? एक माणूस असतें, एखादी पाटी असते, बाकी सारें धुकेंच असतें. उभी गाडी आणि पळता रस्ता, हेंहि खिशाचेंच. पण त्या गाडींतलीं दोघें शेंकडों मैल जाऊनहि कोठेंच पोंचत नाहींत, हा तर कथेचाच अर्थ. कचेरी नाहीं, साक्षीदार नाहींत, वकील नाहींत. त्यांचें वेतन परवडलें नसतें. परंतु त्यामुळें सबंध चित्रपटांत बोलणारा एकटा आरोपीच राहिला, आणि न्यायाधीशाची जागा पाहणाऱ्याकडे आली. व्हेराच्या मृत्यूनंतर कॅमेरा खोलींतल्या एकेका वस्तूवरून फिरतो; चित्र अस्पष्ट होतें, पुन्हां स्पष्ट होतें, पुन्हां अस्पष्ट होतें. त्या माणसाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हें तेवढ्यानें कळतें. त्याला कांहीं खर्च आला नसेल. आरंभीं खाणावळींत सगळा उजेड मंद होऊन त्याच्या डोळ्यांवर तेवढी एक पट्टी उरते, तिलाहि नाहीं. आणि ॲन सॅव्हेजची व्हेरा तर अशी कडवट, अशी धगधगीत कीं, आमच्या सौ. चें लसूण सोलणें तिच्या पहिल्या प्रश्नाबरोबर थांबलें तें शेवटपर्यंत थांबलेंच.

मनाचे दोषहि आहेत आणि ते मीं सोडले नाहींत. एवढ्या अफाट देशांत, एवढ्या लांब रस्त्यावर, त्याला नेमकी तीच बाई भेटावी, हा योगायोग पैशानें सुधारणारा नव्हे. नायकाचें स्वगतहि फार. कांहीं ठिकाणीं तो बोललाच नसता तर अधिक कळलें असतें. हे दोन दोष मीं दिग्दर्शकाच्या आणि लेखकाच्या नांवावर मांडले. एकूण चुका सात. त्यांत पांच खिशाच्या आणि दोन मनाच्या. नातवाच्या अकरा झाल्या होत्या. अर्थात् तो जिंकला.

मग आमचा वाद लागला तो निराळाच. नातू म्हणाला, "बिचाऱ्याचं नशीबच वाईट." मीं त्याला विचारलें, "पहिलें प्रेत लपविलें तें दैवानें? मेलेल्याचे पैसे खिशांत घातले ते दैवानें?" तो जरा विचारांत पडला. दैव मोठें कीं पुरुषकार मोठा, हा आपल्याकडे महाभारतापासूनचा वाद. या माणसाच्या बाबतींत दैवानें प्रत्येक वेळीं एक दार लोटलें, हें खरें. आंत पाऊल टाकलें तें त्यानें स्वतः. शिवाय हें सर्व सांगतो कोण? तोच. आपण ज्याला अपघात म्हणतों, तो अपघातच होता हें कशावरून? नातू एकदम उठून बसला. "म्हणजे तो खोटं बोलतोय?" "तें तूं ठरीव," मीं म्हटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळींहि तो तेंच बोलत होता.

शेवटीं पोलिसांची गाडी येते आणि त्याला घेऊन जाते. त्या काळीं अमेरिकेंतील चित्रपटांना एक कडक आचारसंहिता होती. १९३४ पासून तिचा अंमल नेटानें होई, आणि गुन्हेगार मोकळा सुटलेला दाखवावयाचा नाहीं, असा तिचा दंडक होता. सबंध चित्रपटांत एकहि गोळी सुटत नाहीं. रक्ताचे पाट नाहींत, कुलूप कसें फोडावें याचे धडे नाहींत. ज्या भगिनींनीं पत्र लिहिलें त्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, सर्वच गुन्ह्याचे चित्रपट सारखे नसतात. मुलाला एकट्याला सोडून दाराबाहेरून रागावण्यापेक्षां एखादे दिवशीं त्याच्या शेजारीं बसावें. काय पाहण्यासारखें आहे आणि काय नाहीं, हें तेथें बसूनच सांगतां येतें.

एक मौज सांगून चित्रपटाची हकीकत संपवितों. त्याच्या मालकी हक्काकडे पुढें कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं, आणि तो सर्वांचा झाला. ज्याला दाखवावयाचा त्यानें दाखवावा. म्हणून ओरखडे पडलेल्या, झिजलेल्या प्रतींतून तो वर्षानुवर्षें लोकांच्या दृष्टीस पडत राहिला. १९९२ सालीं अमेरिकेनें आपल्या जतन करण्यायोग्य चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदींत त्याचें नांव घातलें, आणि २०१८ सालीं त्याची स्वच्छ, दुरुस्त केलेली प्रत तयार झाली. आम्हीं पाहिली ती हीच.

आतां माझी चूक. माझी नोकरी तेव्हां नवी होती. १९८८ चें साल. नववीच्या वार्षिक परीक्षेंत संस्कृतांत जो पहिला येईल त्याला एक जाडजूड संस्कृत-मराठी कोश बक्षीस मिळावयाचा होता. शंभरांपैकीं पांच गुण मीं अक्षर आणि टापटीप यांसाठीं राखून ठेवीत असें, आणि या शिस्तीचा मला अभिमान होता. पहिली उत्तरपत्रिका शाळा देई. पुरवणीचे कागद मुलांनीं घरून आणावे, अशी रीत होती. एका मुलानें जे कागद आणले, ते एका बाजूनें वापरलेले होते. वडील वाणसामानाच्या दुकानांत कामाला. तेथल्या जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठी त्यानें शिवून आणल्या होत्या. मागची शाई पुढें उमटलेली, त्यावर ह्याच्या गळक्या पेनाचे डाग. उत्तरें मात्र अशीं कीं, एका श्लोकाचा त्यानें लावलेला अन्वय मीं पुढें कित्येक वर्षें वर्गांत माझा म्हणून सांगितला. टापटिपीचा मीं त्याला पांचांत एक गुण दिला. कोश दोन गुणांनीं दुसऱ्या मुलाकडे गेला. तो मुलगाहि हुषार होता. त्याच्याकडे कांहीं दोष नाहीं.

बक्षीस-समारंभापूर्वीं कोश माझ्या टेबलावर होता. हा मुलगा आला आणि म्हणाला, "सर, पाहूं का जरा?" मीं होय म्हटलें. त्यानें उभ्याउभ्याच एक शब्द काढला, वाचला, स्वतःशींच मान हालविली, पानांची घडी पडूं नये म्हणून हलक्या हातानें तो मिटला आणि होता तसा टेबलाच्या कडेशीं समांतर ठेवून गेला. टापटीप त्याच्या अंगीं किती होती, हें मला तेव्हां दिसावयास हवें होतें. तें दिसलें त्या रात्रीं, उलट्या छापलेल्या मोटारीकडे पाहतांना.

तो आज त्याच गांवांत स्वतःचें दुकान चालवितो. भेटला कीं वाकून नमस्कार करितो. मीं हें सर्व आमच्या सौ. ना सांगितलें आणि म्हटलें कीं, एक कोश विकत घेऊन त्याला नेऊन द्यावा असें मनांत येतें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या कीं. पण चार गुण द्यायचे होते म्हणून द्या; कोश देऊन फिटलं, असं मात्र मानूं नका."

कोश आणला आहे. तो देतांना काय म्हणावें, हें मात्र अद्याप सुचत नाहीं. पुढच्या आठवड्यांत गांवीं जाणार आहें. तोंवर सुचलें नाहीं, तर चार गुणांची गोष्ट जशी घडली तशीच त्याला सांगेन.